सहस्रकुंडाचा फोटो

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बायका एकमेकींना सांगतात, डॉक्टरीणबाई तोंडाच्या फटकळ हायत, पण मनाच्या लई चांगल्या हायत. त्यातलं पहिलं खरं आहे. दुसऱ्याचं काय करायचं ते हे वाचून ज्याचं त्यानं ठरवावं. मी काही माफी मागायला बसलेली नाही. जिची मागायची ती समोर नसताना मागितलेली माफी म्हणजे आपणच आपल्या पाठीवरून हात फिरवून घेणं, आणि तसले लाड मला आवडत नाहीत.

दहावीला मार्क बरे पडले आणि वडिलांनी मला नांदेडहून उचलून लातूरला नेऊन टाकलं. त्या वर्षांत सगळ्यांनाच लातूरची हवा लागली होती. भूकंप होऊन चार-पाच वर्षं झालेली. लोकांनी भिंतींचे तडे सिमेंटनं बुजवले, वर एकेक मजला चढवला आणि त्या मजल्यांवर आमच्यासारख्या पोरी भाड्यानं ठेवल्या. ज्या गावात माणसं अजून घरात झोपायला भीत होती, तिथं एकेका खोलीत सहा-सहा खाटा. पोरगी डॉक्टर होणार म्हटल्यावर स्लॅबकडं कोण बघतं?

आमचा क्लास मुलींचा वेगळा भरायचा. दर पंधरा दिवसांनी परीक्षा, परीक्षेनंतर बोर्डावर यादी, आणि यादीतल्या नंबरानं बाकावर बसायचं. पुढची परीक्षा आली की जुनी यादी फाडून टाकायची. सर कुणालाही नावानं हाक मारत नसत. तेवीस, उभी राहा. चाळीस, तुझ्या बापाला बोलावून घे. दोन वर्षं क्लास करून गेलेल्या पोरींचीसुद्धा नावं त्यांना माहीत नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता. पहिल्या दहा जणींना ते सकाळी सहाला स्वतः शिकवायचे. बाकीच्यांना कोण शिकवायचं, तर मेडिकल न लागलेली जुनी पोरं. म्हणजे दहाच्या आत तो स्वर्ग, आणि अकराव्या नंबरापासून पुढं सगळा बाजार.

माझा नंबर अकरावा. एकदा नाही, दोनदा नाही, ओळीनं सात वेळा. नळावर पाणी प्यायची लाइनही नंबरानं लागायची, त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं कायम एकच वेणी. तेल चोपडून घट्ट घातलेली, लाल रिबिनीची. त्या वेणीचा मला जो राग होता, तो पुढं आयुष्यात मी नवऱ्याचाही केला नाही.

वेणी जिची होती ती निलंग्याकडच्या एका खेड्यातली. भूकंपात तिची आई आणि दोन भाऊ गेले. बाप त्या पहाटे शेतात होता म्हणून वाचला, आणि त्यानं हातानं दगड-माती उपसून हिला बाहेर काढलं. हे सगळं मला तिनंच सांगितलेलं, कारण ती माझ्याच खोलीत, माझ्या शेजारच्या खाटेवर होती. तिची आत्या तिला जन्मल्या दिवशीच सून म्हणून मागून बसली होती. आई गेल्यावर आत्या घाईला आली. आई नसलेली पोर किती दिवस ठेवता, म्हणून बापाच्या मागं लागली. बाप शिकलेला नव्हता, पण पोरीच्या बाजूचा होता. त्यानं सगळ्या भावकीत बसून शब्द दिला, की पोरगी पहिल्या दहात आहे तोवर कुणी लग्नाचं नाव काढायचं नाही. ज्या दिवशी दहाच्या बाहेर जाईल, त्या दिवशी मी स्वतः तिला बहिणीच्या दारात नेऊन सोडतो. हे खोलीतल्या सगळ्या पोरींना माहीत होतं. मलाही चांगलं माहीत होतं. माझा नंबर एकानं वर सरकला, तर तिचं काय होणार ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उशाशी ती एक तांब्या पालथा घालायची आणि त्याच्या बुडावर एक स्टीलची वाटी ठेवायची. भूकंपानंतर राहायला मिळालेल्या टिनाच्या शेडमध्ये म्हणे घरोघरी असंच करत होते. जमीन हलली की वाटी पडते आणि माणूस जागं होतं. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. एकदा रविवारी दुपारी सगळ्या जणी जेवून पडल्या होत्या. मला झोप येईना, तिचा डोळा लागलेला दिसला, आणि मी खाटेवरून पाय लांब करून वाटी पाडली. नुसती गंमत म्हणून. वाटी फरशीवर वाजली आणि ती उठली. ओरडली वगैरे नाही. उठली ती आधी माझा दंड धरला आणि मला ओढत, फरफटत, जिन्यावरून खाली अंगणात नेलं. मला सोडून परत वर पळाली आणि दुसरीला घेऊन आली. तिसरीला आणायला निघाली तेव्हा वर खिडकीत पोरी पोट धरून हसताना तिला दिसल्या. मग तीही हसली. माझ्या दंडावर तिच्या बोटांचे वळ चार दिवस होते. उगाच दुखवलं म्हणून मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

बारावीच्या वर्षी गणपती उठल्यावर सरांनी सहल काढली. शनिवारी माहूरच्या देवीचं दर्शन, रविवारी सहस्रकुंडाचा धबधबा, आणि सोमवारी सकाळी परीक्षा. पोरींना हवापालट, असं सर म्हणाले. खरं कारण होतं क्लासचं पत्रक. दिवाळीनंतरच्या नव्या बॅचसाठी त्यांना रंगीत पत्रक काढायचं होतं, आणि त्यावर धबधब्यापुढं उभ्या असलेल्या पहिल्या दहा मुलींचा फोटो हवा होता. त्यासाठी लातूरचे एक फोटोवाले चाचा सोबत घेतले होते. वयस्कर, मेंदी लावलेली दाढी, तीन पिढ्यांचा फोटोचा धंदा. गाडीत तेवढे एकच माणूस आम्हाला बेटा म्हणून हाक मारत होते.

रविवारी सकाळी माहूरहून निघालो. इस्लापूरच्या पुढं नाल्यावरच्या पुलावरून पाणी चाललेलं, ड्रायव्हर म्हणाला, गाडी पुढं जात नाही. सरांनी शिट्टी वाजवली. उतरा, नंबरानं लाइन करा, पायी जायचं. चार-पाच किलोमीटरची वाट असेल, पण काळ्या रानातली. चपलेला इतका चिखल धरायचा, की पाय उचलला तर चपल मागं आणि पाय पुढं. काही जणींनी चपला हातात घेतल्या. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, पानांवरून टपटप पाणी, आणि सत्तर पोरी एकामागं एक. मध्येच कुणी बाभळीचा काटा काढायला थांबली, की मागच्या सगळ्या थांबायच्या. नंबर मोडून पुढं जायची सोय नव्हती. मला सगळ्या वाटेनं काय दिसलं विचाराल तर वेणी दिसली.

धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. आधी वाऱ्यासारखा, मग मोठा, मग असा की बोललेलं कळेना. तिची चाल बारीक झाली. तिनं मागं वळून मला विचारलं, कशाचा आवाज आहे. मी म्हणाले, पाण्याचा, दुसरा कशाचा असणार. तिनं मान हलवली. ओढणी कानांवरून घट्ट बांधली आणि चालायला लागली. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे, ती भ्याली होती आणि तरी चालत होती. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मला वाटलं देवाचं नाव असेल. तिच्या तोंडाशी कान नेला तर ती सोमवारच्या परीक्षेची सूत्रं पाठ करत होती.

पैनगंगा दोन्ही थड्या भरून आलेली. नदीत सगळा काळा कातळ, आणि त्यात पाण्याच्या दहा-वीस धारा होऊन एकदम खाली दरीत कोसळतात. काठावर महादेवाचं देऊळ आहे. तिथपर्यंत सगळ्या पोरी गेल्या. तिथून पुढं, खाली कातळावर, फक्त पहिल्या दहा जणींनी उतरायचं होतं, फोटोसाठी. बाकीच्यांनी वर थांबायचं. मी मात्र उतरले. सर म्हणाले, अकरा, तू कुठं? मी म्हणाले, सर, पोरींच्या चपला आणि पिशव्या धरायला. त्यांना ते पटलं. मला कशाला उतरायचं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि आता वय झालं म्हणून मी वेगळं सांगणार नाही.

कातळावर पाय ठेवला की तळपायाला झिणझिण्या यायच्या. सगळा खडक आतून थरथरत होता, पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसल्यासारखा. बाकीच्या पोरींना त्याची मजा वाटली. ती मात्र पायाकडं बघत, एकेक पाऊल मोजून टाकत होती. फोटोच्या जागेला पाचसहा पावलं राहिली होती. ती पोचली असती. मी तिच्या मागं होते, नेहमीसारखी. तिनं मला कधीतरी सांगितलं होतं, की त्या पहाटे जमीन हलायच्या आधी जमिनीतून आवाज आला होता. मी वाकले, तिच्या कानावरची ओढणी बाजूला केली आणि म्हणाले,

"आधी आवाजच येतो ना गं?"

ती जागच्या जागी खाली बसली. दोन्ही तळहात कातळावर पसरून, बोटं फाकून, जणू खडक धरून ठेवायचाय. तिचे ओठ हलत होते, पण आता सूत्रं नव्हती, भावांची नावं होती. दोन पोरींनी तिला उठवायला बघितलं तर तिनं त्यांना असा हिसका दिला की एक पडता पडता राहिली. सर वरून ओरडायला लागले. उजेड जातोय, ढग येतायत, दहाला उठवा. चाचांनी कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाले, "सर, बैठने दो उसको. नऊ जणींचा काढतो. काय बिघडत न्हाई."

सर म्हणाले, पत्रकावर पहिल्या दहा असं लिहायचंय, नऊ जणींना काय पेटवू? मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. अकरा, पिशव्या ठेव आणि उभी राहा. मी पिशव्या ठेवल्या, केस नीट केले आणि उभी राहिले. चाचांनी फोटो काढला, आणि कॅमेऱ्याचं झाकण लावता लावता माझ्याकडं एकदा बघितलं. मी काय बोलले ते त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण बघितलं. परतीच्या वाटेवर तेच तिला हाताला धरून चालत होते. लाइन मोडून.

मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. सोमवारी ही कसली पेपर देते.

सोमवारी ती आली, पेपर लिहिला, आणि बुधवारी यादी लागली. तिचा नंबर नववा. माझा अकरावा. बोर्डापुढं उभं राहून मला अशी काही आग लागली, की मी त्या दिवशी मेसमध्ये जेवले नाही. गंमत अशी, की ताट झाकून खोलीत आणून दिलं ते तिनंच. कातळावर मी तिच्या कानात काय बोलले ते तिला आठवत होतं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. तिनं कधी विषय काढला नाही.

दिवाळीच्या आधी पत्रक छापून आलं. पेपरातून घातलं, एसटी स्टँडवर वाटलं, खेडोपाडी किराणा दुकानांच्या भिंतींवर चिकटवलं. वर धबधबा, खाली आम्ही दहा जणी, आणि मोठ्या अक्षरात, आमच्या पहिल्या दहा गुणवंत विद्यार्थिनी. ती म्हणाली, अगं छान आलाय फोटो. तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. पुढच्या यादीतही नंबर नववाच होता ना तिचा. यादी होती ना बोर्डावर.

मग परीक्षा होऊन ती यादीही फाडली गेली. नवीन यादी सुट्टीनंतर लागणार होती. क्लासला कुलूप लागलं, मालकीणबाई माहेरी गेल्या, पोरी घरोघरी गेल्या. खोलीवर आम्ही दोघीच राहिलो. माझे वडील दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते; ती सुट्टीतही खोलीवरच राहून अभ्यास करणार होती, बाप नुसता भेटून जाणार होता.

तो दुपारी आला. धोतर, वर मळकट शर्ट, खांद्याला पिशवी, हातात घडी घातलेलं पत्रक. घडी इतक्या वेळा घातलेली, की कागद मधोमध फाटत आलेला. तो दारातच बसला, आत आला नाही. पोरींची खोली म्हणून. पत्रक त्यानं फरशीवर पसरलं आणि पोरीला म्हणाला, ह्यात तू दिसत न्हाईस. आत्यानं ते त्याच्या हातात दिलं होतं, सगळ्या भावकीपुढं. त्याला वाचता येत नव्हतं, पण तोंडं मोजता येत होती. त्यानं ती कितीदा मोजली असतील कुणास ठाऊक.

ती म्हणाली, "आबा, माझा नंबर नववा हाय. फोटोच्या वक्ताला मला बरं न्हवतं, म्हणून दुसरीला उभं केलं."

त्याला ते मनापासून खरं मानायचं होतं. मला दिसत होतं. तो आधी सरांच्या घरी जाऊन आला होता. त्यानं पोरीचं नाव सांगितलं, आणि सरांना त्या नावाची कुणी पोरगीच आठवेना. त्यांनी नंबर विचारला तर ह्याला नेमका नंबर माहीत नव्हता, दहाच्या आत आहे एवढंच माहीत. सर म्हणाले, पत्रकात आहे ते बरोबर आहे, आम्ही खोटं छापत नाही, आणि दार लावून घेतलं. मग तो क्लासवर गेला, तिथं कुलूप. आता त्याच्याकडं पोरीचा शब्द होता आणि छापलेला कागद होता. आणि पोरीच्या शेजारी मी बसले होते. फोटोतली.

त्यानं कागदावर माझ्या तोंडावर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"बाय, तू हाईस की ह्यात," तो म्हणाला. "तू सांग. माझी लेक दहात हाय का न्हाई? तू हाय म्हण, म्या आत्ता हिला हितंच ठिवून माघारी जातो. बहिणीला काय सांगायचं ते म्या सांगतो."

असं माणूस विचारतं. हाय म्हण, असं सांगून विचारतं. एक शब्द होता, आणि तोही त्यानंच माझ्या तोंडात घालून दिलेला. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या तोंडावर जरासुद्धा काळजी नव्हती. मी खरं सांगणार यात तिला शंकाच नव्हती, त्याचाच मला जास्त संताप आला. एवढा विश्वास माणसानं दुसऱ्यावर कामून टाकावा?

"फोटो खरा हाय, काका," मी म्हणाले.

ती भांडेल असं मला वाटलं. मी तयारीत होते, भांडायला मी पटाईत. तिनं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं बघितलं, आणि त्याचा पडलेला चेहरा दिसल्यावर ती उठून खाटेवरची वाकळ घडी करायला लागली. बाप तिला रागवला नाही. मलाच सांगायला लागला, की लई अभ्यास केला हिनं, कंदिलावर केला, शेडमध्ये पाणी गळायचं तरी केला. आता नशिबातच न्हाई तर पोरीनं तरी काय करावं. शब्द दिलाय, तुळशीचं लग्न झालं की उरकून टाकू. पुस्तकं बांधताना ती मला म्हणाली, तुला लागतील ती ठेव. मी दोन ठेवून घेतली.

निघताना बापानं खांद्याची पिशवी उतरवली. पोरीसाठी आणलेल्या नव्या शेंगा होत्या, घरून मीठ घालून उकडून आणलेल्या. आता ती घरीच चालली होती, तिला काय करायच्या. त्यानं पिशवी माझ्या मांडीवर रिकामी केली आणि डोक्यावर हात ठेवला.

"तू तरी शीक, बाय," तो म्हणाला.

ती दोघं जिना उतरून गेली. मी खाटेवर मांडी तशीच ठेवून बसले आणि शेंगा खायला लागले, कारण भूक लागली होती आणि मेस बंद होती. वाटत होतं, एखादी तरी खवट निघेल. सगळ्या संपवल्या. एकही निघाली नाही.